सॅक घ्यायच्या आधी पाठ मोजा

आमच्या भिशीतल्या चौघी नोव्हेंबरात तीन आठवड्यांसाठी हिमाचलला निघाल्या आहेत. साताऱ्याहून गोवा एक्सप्रेसने दिल्ली, पुढे सरकारी बसने डोंगरात, आणि दर दोन दिवसांनी मुक्काम बदलता. चाकांची बॅग न्यायची नाही एवढं त्यांचं ठरलंय. ते बरोबरच आहे, कारण डोंगरातल्या गावांत स्टँडपासून खोलीपर्यंत पायऱ्या नाहीतर चढच असतो. आता प्रत्येकीचा मला एकच प्रश्न असतो: मोठी सॅक आणि तिला लावलेली, पाहिजे तेव्हा सुटी होणारी छोटी सॅक, अशी जोडी घ्यायची तर कुठल्या कंपनीची घेऊ? मी कंपनीचं नाव सांगत नाही, आधी शिवणाचा टेप काढा म्हणते. त्या चौघींसाठी आणि अशाच निघालेल्या बाकीच्यांसाठी ही सगळी तयारी एकदा लिहून काढते आहे.

पहिलं काम पाठ मोजण्याचं. सॅकवर लिटर छापलेले असतात म्हणून आपण लिटर बघतो. पण चप्पल घेताना जसा आधी नंबर, तसं सॅक घेताना आधी पाठीचं माप. ते उंचीवरून निघत नाही. सारख्याच उंचीच्या दोघींमध्ये एकीचे पाय लांब असतात, दुसरीचं धड. मान पूर्ण खाली घातली की मानेच्या मुळाशी एक हाड टपोरं वर येतं, तिथून सुरुवात करायची. मग दोन्ही हात कमरेवर, अंगठे मागे. अंगठे कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकतात. त्या दोन अंगठ्यांमधली आडवी रेघ मणक्याला जिथे छेदते, तिथे माप संपलं. हे एकटीने होत नाही, घरातलं कुणीतरी लागतं. माझं माप लेकीने घेतलं, पाठीच्या बाकावरून टेप दाबत दाबत: ४० सेंटिमीटर, म्हणजे पावणेसोळा इंच. हा आकडा फोनमध्ये लिहून ठेवा आणि सॅक बघायला जाल तेव्हा पाठीची लांबी विचारा. काही सॅकमध्ये खांद्याचे पट्टे वरखाली सरकवून ही लांबी बदलता येते. पहिल्यांदा घेणारीने शक्यतो तशीच घ्यावी.

एवढा आग्रह का, तर मी एकदा भावाची ६५ लिटरची सॅक घेऊन आठ दिवस फिरले आहे. सॅक चांगली होती, पण ती त्याच्या पाठीची. कंबरपट्टा हाडावर बसायच्या ऐवजी खाली ओटीपोटावर घसरायचा आणि पाऊल उचललं की मांडीला घासायचा. म्हणजे कमरेला काही काम नाही आणि सगळं ओझं खांद्यांवर. दुसऱ्या संध्याकाळी डाव्या हाताच्या करंगळीला मुंग्या आल्या. रात्री कुर्ता उतरवला तर दोन्ही खांद्यांवर लालसर-काळे पट्टे उमटले होते, हात लावू देत नव्हते.

आपल्याकडच्या बाया भरलेली कळशी कमरेवर घेतात आणि लेकराला कडेवर घेतात, कारण वजन पेलायची ताकद तिथल्या हाडात आहे. चांगली सॅक हेच करते. तिचा कंबरपट्टा जाड आणि आतून मऊ असावा, आणि त्याचा निम्मा भाग हाडाच्या वर, निम्मा खाली बसावा. बायकांसाठी खरोखर बेतलेल्या सॅकमध्ये हा पट्टा खालच्या बाजूला थोडा पसरट असतो, कारण आपली कंबर खाली रुंदावत जाते. खांद्याचे पट्टे एकमेकांच्या जवळ आणि अरुंद असतात, आणि छातीवर रुतू नयेत म्हणून त्यांना नागमोडी वळण दिलेलं असतं. दुकानात सॅक उलटी करून या तीनच गोष्टी बघा: पाठीची लांबी, पट्ट्यांचं वळण, कंबरपट्ट्याचा पसरटपणा. नुसता जांभळा किंवा गुलाबी रंग देऊन ‘लेडीज’ म्हणून विकलेल्या सॅकही खूप आहेत, त्या बाजूला ठेवा.

रिकामी सॅक घालून आरशात बघण्याला अर्थ नाही, रिकामी कुठलीही छान बसते. दुकानदाराला सांगून आत आठेक किलो वजन टाकून घ्या. चांगले दुकानदार देतात. मग सगळे पट्टे सैल सोडून सॅक पाठीवर घ्या आणि क्रम पाळा. आधी कंबरपट्ट्याचं बक्कल लावून घट्ट करा, मग खांद्याचे पट्टे ओढा, मग खांद्यावरून सॅकच्या वरच्या टोकाकडे जाणारे दोन छोटे पट्टे ओढा म्हणजे सॅक पाठीशी येते, आणि शेवटी छातीवरचा पट्टा. तो गळ्याच्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली, छातीच्या वरच्या बाजूला बसायला हवा. वरखाली सरकणारा नसेल तर ती सॅक नको. साताऱ्यात मोती चौकात, पोवई नाक्यावर सॅक मिळतात, पण पाठीच्या मापाची निवड फार नसते. मनासारखी मिळाली नाही तर पुण्याला एक फेरी मारा. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्या बायकांना अर्धं तिकीट आहे. चुकीची सॅक घेऊन ती वर्षानुवर्षं वागवण्यापेक्षा ही फेरी स्वस्त पडते.

जाताना प्रवासात घालणार तेच कपडे घालून जा. कुणी आपल्याला हे सांगत नाही. सलवारच्या नाडीची गाठ कंबरपट्ट्याच्या बक्कलाखाली आली तर दोन तासांत पोटाला वळ उठतो. गाठ बाजूला सरकवा नाहीतर इलॅस्टिकची पँट घाला. आतल्या कपड्याच्या पट्टीवरची कडी खांद्याच्या पट्ट्याखाली रुतते, तेव्हा रुंद पट्टीचं, कडी नसलेलं घ्या. मंगळसूत्र छातीच्या पट्ट्याखाली अडकून मान काचते. अंबाडा किंवा क्लचर सॅकच्या वरच्या कडेवर आपटतो आणि मान पुढे जाते. प्रवासात खाली सोडलेली वेणी बरी. पाळीच्या दिवसांत पोट फुगतं, तेव्हा कंबरपट्टा चालता चालता एका हाताने सैल करता येतो का, तेही दुकानातच करून बघा.

आता छोटी सॅक. ही जोडी घ्यायचं कारणच ती आहे आणि बहुतेक जणी फसतात त्याही तिथेच. ती मोठीला जोडायच्या मुख्य दोन तऱ्हा असतात. एकीत चारी बाजूंनी चेन असते. दिसायला सुबक, पण भरलेल्या छोट्या सॅकचा सगळा भार त्या चेनच्या दातांवर येतो. दुसरीत बक्कलं आणि पट्टे असतात, ते दिसायला ओबडधोबड, पण तुटलं तर कुठलाही बॅग दुरुस्तीवाला नवं लावून देतो. मला दुसरी तऱ्हा आवडते. चेनचीच घ्यायची झाली तर भार घेणारे दोन पट्टे वरून असलेलीच घ्या. माझ्या एका सॅकची चेन बसच्या टपावरून खाली देताना मधोमध उसवली. छोटी सॅक एका कोपऱ्यावर लोंबत होती आणि आतला स्वेटर रस्त्यावरच्या चिखलात पडला होता. चूक माझीच, कारण टपावर देताना छोटी सॅक काढून हातात घ्यायला हवी होती. बस असो, विमान असो, सामान दुसऱ्याच्या हातात जाणार असेल तेव्हा आधी ती सुटी करायची.

दुसरी गोष्ट वजनाची. भरलेली बादली अंगाशी धरली तर नेता येते, हात लांब करून धरली तर मनगट भरून येतं. मोठीच्या मागे लावलेली छोटी सॅक आपल्या मणक्यापासून सगळ्यात लांब असते, म्हणून तिथे टाकलेले दोन किलो मागे ओढतात आणि आपण नकळत पुढे वाकून चालतो. मागे लावायची तेव्हा तिच्यात ओढणी, टोपी, वाऱ्याचं जाकीट एवढंच ठेवा. पाण्याची बाटली, कॅमेरा, औषधं, पैसे असतील तेव्हा ती पुढे छातीवर घ्या. गर्दीत तर पुढेच हवी, पाठीवरच्या सॅकची चेन कुणी उघडली तर कळत नाही. काही जोड्यांत छोटीला मोठीच्या खांद्यांच्या पट्ट्यांना पुढून अडकवायच्या क्लिपा असतात. ही सोय असेल तर दोनशे रुपये जास्त द्यायला हरकत नाही. एक मात्र बघा, छातीवर घेतल्यावर स्वतःची पावलं दिसली पाहिजेत. १५ लिटरच्या वरची छोटी सॅक ठासून भरली तर पायरी दिसत नाही.

छोटीचे स्वतःचे पट्टेही हाताने दाबून बघा. नुसत्या नाड्या लावलेल्या असतील तर दिवसभर गाव फिरायला ती कामाची नाही.

लिटरचं आता थोडक्यात. तीन आठवड्यांना मोठी ४० ते ४५ आणि छोटी १० ते १५ पुरते. ऑस्प्रे कंपनीची बायकांसाठीची फेअरव्ह्यू ५५ ही जोडी बघितलीत तर हेच गणित दिसेल: ४० मोठी, १५ छोटी. ७० लिटरची घेतली की ती भरल्याशिवाय राहवत नाही. सॅक, सामान, पाणी सगळं धरून वजन आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये, म्हणजे ५५ किलोच्या बाईने ११ किलोच्या आत राहायचं. रिकामी जोडीच दीड-दोन किलोची असते हे यात धरा. भरलेली सॅक वाण्याच्या काट्यावर ठेवून बघा, घरचा अंदाज नेहमी कमी निघतो.

मोठी सॅक पूर्ण उघडणारी घ्या, सूटकेससारखी. वरून तोंड असलेल्या सॅकमध्ये तळाचा मोजा काढायला सगळं अंथरुणावर ओतावं लागतं. दोन रनर असावेत आणि दोघांना कुलूप घालता येईल असं भोक असावं. चेन दहा वेळा भरभर ओढून बघा, विशेषतः कोपऱ्यावर. रनरवर वायकेके (YKK, चेन बनवणारी जपानी कंपनी) अक्षरं असली तर चांगलं. खांद्याचा पट्टा जिथे सॅकला शिवलाय तिथे पुन्हा पुन्हा मारलेली दाट टीप हवी. एकेरी टीप असेल तर तिथूनच उसवणार. कापडावर डेनिअरचा आकडा असतो, ९,००० मीटर धाग्याचं जितके ग्रॅम वजन तितका डेनिअर. अंगाला २१० चालतो, तळाला ४२० किंवा जास्त असावा. पाठीचे पट्टे आत दडवायला चेनचं झाकण असेल तर ते फार कामाचं, नाहीतर डिकीत आणि विमानतळाच्या पट्ट्यावर तेच अडकून तुटतात.

पावसाचं आपल्याला वेगळं सांगायला नको; कासला श्रावणात गेलेल्या कुणालाही माहीत आहे की रेनकव्हर पाठीकडून उघडं असतं आणि पाणी तिथूनच आत येतं. म्हणून कपडे आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत. आणि छोटी सॅक लावलेली असतानाही रेनकव्हर पुरतं का, हे दुकानातच घालून बघा. बऱ्याचदा पुरत नाही.

विमानाने जाणार असाल तर देशातल्या बहुतेक कंपन्या हातातल्या बॅगेला ७ किलोची मर्यादा ठेवतात, माप सहसा ५५ × ३५ × २५ सेंटिमीटरच्या आसपास. मोठी सॅक लगेजमध्ये द्याल तेव्हा पॉवरबँक तिच्यात राहता कामा नये, तो छोटीत आपल्याजवळ.

सॅक घरी आली की लेबल कापू नका. पाच-पाच किलोच्या तांदळाच्या दोन पिशव्या टॉवेलमध्ये गुंडाळून आत, पाठीला लागून, मध्यावर ठेवा आणि घरातल्या जिन्यावर अर्धा तास वरखाली करा. परतीची मुदत असेपर्यंत हे झालं पाहिजे. ठीक वाटली तर पुढच्या रविवारी पहाटे ती घेऊन अजिंक्यतारा किल्ला चढा. चढताना सॅक डावीउजवीकडे हलते का, हाताला मुंग्या येतात का, उतरताना ती डोक्यावर येते का, एवढं लक्षात ठेवा आणि घरी येऊन पट्टे त्याप्रमाणे बसवा. मी पहिल्या दिवशी किल्ल्याच्या दरवाज्यापर्यंत पोचेतो कंबरपट्टा तीनदा घट्ट केला, चौथ्या दिवशी एकदाही नाही. मग एकदा भरलेली सॅक घेऊन एसटीत चढून बघा. पायरी उंच असते, एक हात दांड्याला लागतो, आणि आतल्या वाटेवर अंग तिरकं करून जावं लागतं. माहुलीच्या बाजूचं रेल्वे स्टेशन गावापासून लांब, म्हणजे रिक्षातही ती मांडीवर घेऊन बसायची आहे.

निघायच्या आदल्या रात्री छोटी सॅक एकदा पूर्ण रिकामी करून पुन्हा भरा: आधार कार्ड, तिकिटं, थोडे सुटे पैसे, रोजची औषधं, पॅड, एक आतला जोड, चार्जर, पाण्याची बाटली, शेंगदाण्याचे दोन लाडू. मोठी हरवली तरी दोन दिवस निघाले पाहिजेत. आणि आपण एक वस्तू नाही, दोन घेऊन निघतो आहोत. नाव, घरच्या माणसाचा फोन नंबर आणि ‘सातारा’ असं लिहिलेली चिठ्ठी दोन्ही सॅकच्या आतल्या कप्प्यात वेगवेगळी ठेवा, प्लास्टिकमध्ये घालून.