संथ वाजवायला शिकताना : राइनबेर्त द लेऊ आणि माझे हेगमधले शिक्षण

पुण्यात ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या पियानो परीक्षेच्या आठही ग्रेड देऊन मी नेदरलँड्समधल्या द हेगच्या रॉयल कॉन्झर्व्हेटरीत पियानोच्या चार वर्षांच्या पदवीसाठी दाखल झाले, तेव्हा हात तयार असणे म्हणजे हात वेगाने चालणे, अशी माझी पक्की समजूत होती. पहिल्याच महिन्यात शिक्षकांनी माझ्यापुढे फ्रेंच संगीतकार एरिक साती याची ‘न्योसिएन’ या नावाच्या पियानोरचनांतली पहिली ठेवली. स्वर इतके थोडे की मी ती पहिल्या वाचनातच वाजवून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, लय पळते आहे एवढेच सांगितले आणि डच वादक-संगीतकार राइनबेर्त द लेऊ यांनी विसाव्या शतकातल्या सत्तरच्या दशकात ध्वनिमुद्रित केलेली साती ऐकून यायला सांगितले. पियानो शिकायला इकडे येऊ पाहणाऱ्यांसाठी मी द लेऊ यांच्याविषयी लिहीत आहे, कारण त्यांची वाटचाल समजल्यानंतरच मला इथल्या शिक्षणाचा रोख कळू लागला.

ही रचना १८९०च्या सुमाराची आहे. तिच्यात मात्रांचे गट पाडणाऱ्या उभ्या रेषा नाहीत. ‘संथ’ एवढी सूचना आहे आणि मधूनमधून ‘विचाराच्या टोकाने’, ‘जिभेवर’ असे शब्द लिहिलेले आहेत. डाव्या हातात एक खालचा स्वर, त्यावर स्वरसंघात आणि वर उजव्या हाताची सुरावट, एवढाच सगळा संसार. द लेऊ हे इतके सावकाश वाजवतात की पहिल्यांदा ऐकताना मला पुढचा स्वर येणारच नाही असे वाटले होते. घरी विलंबित ख्याल ऐकत वाढल्यामुळे संथ लय मला परकी नव्हती. पण तिथे दोन मात्रांमधली जागा तबला भरून काढतो, तानपुरा अखंड चालू असतो. पियानोचा स्वर मात्र पट्टी दाबल्याच्या क्षणापासून विरू लागतो आणि त्याला धरून ठेवायला वादकाकडे पेडल आणि स्वतःचा कान यांखेरीज काहीही नसते. मी खालचा स्वर वाजवून तो कुठवर ऐकू येतो हे पाहायचे आणि तो विरळ झाल्यावर, पण संपण्याच्या आधी, वरचा स्वर ठेवायचा, असा रियाज सुरू केला. एका पानाला तीन आठवडे लागले. फोनवर रेकॉर्ड करून ऐकले की कळायचे, मला संथ वाटणारी लय प्रत्यक्षात पुन्हा पळालेलीच असायची.

द लेऊ यांचा जन्म ८ सप्टेंबर १९३८ रोजी आम्स्टरडॅमला झाला. आईवडील दोघेही मनोविकारतज्ज्ञ होते. आम्स्टरडॅममध्ये पियानो आणि संगीतशास्त्र शिकून ते रचनेच्या शिक्षणासाठी द हेगला केस फान बारेन यांच्याकडे आले. फान बारेन यांच्या शिष्यांमध्ये लुई आंद्रिसेन, मिशा मेंगलबर्ग, पेतर स्खात, यान फान व्लाइमन अशी मंडळी होती आणि १९६९ साली द लेऊंसह या पाच जणांनी मिळून ‘रेकन्स्ट्रक्सी’ हा ऑपेरा रचला. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला ते आणखी काही सहकाऱ्यांसह आम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊ या मैफलगृहात गेले आणि वाद्यवृंद-संचालक बर्नार्ड हायटिंक यांच्या कार्यक्रमात त्यांनी खुळखुळे आणि भोंगे वाजवून व्यत्यय आणला. वाद्यवृंदाने कोणते संगीत वाजवावे यावर जाहीर चर्चा व्हावी, अशी त्यांची मागणी होती. ‘नोटेनक्राकर्स’, म्हणजे अडकित्तेवाले, या नावाने ही मंडळी ओळखली जातात. रसिकांच्या मैफलीत गोंधळ घालणे मला आजही पटत नाही. पण त्यानंतर द लेऊ यांनी जे केले, ते नवागतांनी बारकाईने पाहावे असे आहे.

मोठे वाद्यवृंद आपल्याला हवे ते संगीत वाजवत नाहीत, या तक्रारीवर ते थांबले नाहीत. १९७४ साली द हेगच्या याच कॉन्झर्व्हेटरीतील विद्यार्थ्यांबरोबर त्यांनी शोएनबर्ग एन्सांबल हा वादकसमूह उभा केला. शोएनबर्ग, बेर्ग, वेबर्न या विसाव्या शतकातल्या व्हिएन्नाच्या संगीतकारांच्या ज्या रचना लोकांना रुक्ष वाटत, त्या या मुलांनी पुरेशा तालमी करून, प्रत्येक स्वराचा अर्थ लावून वाजवल्या, आणि पुढे कित्येक दशके हाच समूह नेदरलँड्समधल्या नव्या संगीताचा आधार राहिला. आपल्याकडून येणारे बहुतेक जण एकल वादनाची स्वप्ने घेऊन येतात. मीही तशीच आले होते. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी आपल्या वर्गातला सनईच्या जातीचे वाद्य वाजवणारा कोण, चेलो कोण वाजवतो, कोणाला कोणते संगीत जीव तोडून वाजवायचे आहे, हे शोधा, असे मी आग्रहाने सांगेन. प्रवेशचाचणीसाठीही विसाव्या शतकातील एक तरी रचना, केवळ नियमापुरती नव्हे, मनापासून बसवा.

संगीतकार म्हणून द लेऊ यांचा प्रवास सरळ नाही. वाद्यवृंदासाठीचे ‘आबशीड’ १९७३ मध्ये पूर्ण केल्यावर त्यांनी स्वतंत्र रचना जवळजवळ थांबवली आणि आयुष्य वादन, संचालन आणि अध्यापन यांत घातले. २००३ साली शूमान आणि शूबर्ट यांच्या गीतांना नव्याने गुंफून त्यांनी अभिनेत्री बार्बरा सुकोवा यांच्यासाठी एकवीस गीतांची मालिका केली. मग २०१३ साली, पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर, ‘डेअर नेख्टलिखे वाँडरर’ ही मोठी वाद्यवृंदरचना पूर्ण केली. चाळीस वर्षांचा हा खंड मला वाया गेलेला काळ वाटत नाही. त्या काळात ते मेसियाँ, लिगेती, गुबाइदुलिना, उस्तवोल्स्काया या विसाव्या शतकातल्या संगीतकारांच्या रचना वाजवत आणि ऐकवत होते.

फ्रेंच संगीतकार मेसियाँ यांचे नाव आले म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्यांनी आपल्या लयरचनेसाठी ज्या १२० देशी तालांचा आधार घेतला, ते शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तले आहेत आणि तो ग्रंथ तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत लिहिला गेला. वर्गात शार्ङ्गदेवाचे नाव फळ्यावर पाहिले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. संभाजीनगरजवळचा तो किल्ला मी शाळेच्या सहलीत पाहिला होता. तिथे संगीताचा एवढा मोठा ग्रंथ झाला, हे मला द हेगमध्ये येऊन कळावे याची खंतही वाटली. आपल्या तालाची जाण घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याने ती इथे मुळीच दडवून ठेवू नये.

१४ फेब्रुवारी २०२० रोजी द लेऊ गेले. मी त्यांना प्रत्यक्ष ऐकू शकले नाही. तिसऱ्या वर्षी आम्ही पाच जणांनी शोएनबर्गचे ‘पिएरो ल्युनेर’, आवाज आणि वाद्यसमूहासाठीची गीतमालिका, बसवायला घेतले, दर गुरुवारी रात्री, खोली मोकळी मिळेल तेव्हा. आठव्या तालमीपर्यंत आम्ही पहिल्या सात गीतांपलीकडे गेलो नव्हतो. त्या रात्री बासरीवाल्या मैत्रिणीने थांबवून मला विचारले, तू माझा श्वास ऐकतेस का? मी नव्हते ऐकत. आम्ही सातवे गीत, ज्यात तिच्या बासरीखेरीज दुसरे वाद्यच नाही, पुन्हा लावले आणि मी पियानोचे झाकण मिटून फक्त ऐकत बसले.