बॅगा भरून झाल्या? आता कॅम्पस पोलिसांचं बघू

ऑगस्टमध्ये अमेरिकेला शिकायला निघणाऱ्यांच्या याद्या दरवर्षी माझ्याकडे येतात. कुकर, भाजणी, क्रोसिन, अॅडॉप्टर, सगळं असतं. पोलीस कुठेच नसतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे ऐकत मोठी झालेली आपण माणसं. चौकीशी संबंध फार तर पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनपुरता. पण तिकडच्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांचे स्वतःचे पोलीस असतात आणि ते गेटवरचे वॉचमन नव्हेत. शपथ घेतलेले, कमरेला पिस्तूल, अटकेचा अधिकार. याची सुरुवात येल विद्यापीठात १८९४ साली झाली असं मानतात, न्यू हेवन शहराच्या दोन शिपायांपासून. काही लहान कॉलेजांत मात्र नुसते सिक्युरिटीवाले असतात. तेव्हा आपल्याकडे नक्की कोण आहे, हे तिकीट काढतानाच बघून ठेवा.

त्याच बैठकीत विद्यापीठाचा वार्षिक सुरक्षा अहवाल काढा. १९८६ साली पेनसिल्व्हेनियात लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी नावाच्या विद्यार्थिनीचा तिच्याच खोलीत खून झाला. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि १९९० मध्ये कायदा आला. तेव्हापासून विद्यापीठांना मागच्या तीन वर्षांतल्या गुन्ह्यांचे आकडे दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत जाहीर करावे लागतात. पोलीस असतील तिथे रोजची गुन्हे-नोंदही ठेवावी लागते आणि ती कुणालाही बघता येते. वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. लैंगिक अत्याचाराच्या रकान्यात शून्य दिसलं म्हणून हुरळू नका. तिथल्या मुली तक्रार करायला धजत नसतील असाही त्याचा अर्थ होऊ शकतो. दुसरं, हे आकडे कॅम्पसचे, त्याला लागून असलेल्या रस्त्यांचे आणि विद्यापीठाच्या ताब्यातल्या जागांचे. तुम्ही चौघं मिळून दोन मैलांवर जो अपार्टमेंट घेणार आहात, तो त्यात येत नाही. तिथे शहराचे पोलीस. त्यांचाही नंबर हवा.

उतरल्यावर नवं सिम घेतलंत की त्याच दिवशी विद्यापीठाच्या पोर्टलवर फोन नंबर बदला. हे मी विसरले होते. पहिल्या सेमिस्टरभर धोक्याच्या सूचनांचे मेसेज माझ्या पुण्याच्या नंबरवर जात होते आणि ते सिम सूटकेसच्या कप्प्यात पडलेलं. बाकीच्या मुली दार लावून घरात बसल्या होत्या त्या संध्याकाळी मी एकटी लाँड्रीची बादली घेऊन पार्किंग ओलांडत होते. या मेसेजांची किंमत व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाने मोजली आहे. १६ एप्रिल २००७ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात पहिला गोळीबार झाला, विद्यार्थ्यांना पहिला ईमेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी, आणि थोड्याच वेळात नॉरिस हॉलमध्ये पुन्हा गोळ्या सुटल्या. एकूण ३२ जण गेले, त्यात मुंबईची एक विद्यार्थिनीही होती. पुढच्या वर्षी जीन क्लेरीमुळे आलेल्या त्याच कायद्यात बदल होऊन तातडीची सूचना देणं बंधनकारक झालं. सूचना निघते; ती पोचेल असा नंबर देणं आपल्या हातात.

ओरिएंटेशनला पोलीस टेबल लावून बसतात. आपली मुलं पेन आणि स्टिकर उचलतात नि पुढे सरकतात. थांबा, नाव सांगा, विचारा. रात्री लायब्ररीतून घरापर्यंत सोबत कोण येतं, किती वाजेपर्यंत? कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात या सेवेला बेअरवॉक म्हणतात. अनेक ठिकाणी सोबतीला येणारे विद्यार्थीच असतात. संकोच करू नका, त्यांना त्या कामाचे पैसे मिळतात. सायकल घेतलीत तर ती उलटी करून पेडलच्या खालचा सीरियल नंबर फोटोत घ्या आणि पोलिसांकडे नोंदवा. कुलूप यू आकाराचंच. साखळी मिनिटात कापतात.

गाडी घेणाऱ्यांनी हे पाठच करावं. मागे लाल-निळे दिवे लागले की आपल्याकडच्या सवयीने गाडी बाजूला घेऊन, उतरून, कागद घेऊन साहेबांकडे चालत जायचं नाही. तिकडे ते अंगावर येणं वाटतं. बसून राहा, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. लायसन्स खिशात असेल तर आधी सांगा, मग हात घाला. आणि दारू पिऊन गाडी अजिबात नको. दंडावर भागत नाही, व्हिसा रद्द होऊ शकतो.

खरी ओळख मात्र होते ती कामातून. विद्यार्थी मंडळाचा गणपती असेल, ढोल-ताशा असेल, तर कॅम्पस पोलिसांना आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी भेटा. मिरवणुकीचा रस्ता, आवाजाची वेळ, आगीचा नियम एकत्र ठरवा. काही ठिकाणी पोलीस विद्यार्थ्यांना कॉफीला बोलावतात. ही प्रथा २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्न शहरातून निघाली. जा, आणि अवघड प्रश्न न्या. एखादी मुलगी मनाने खचून मदत मागते तेव्हा गणवेशातला माणूस येतो की समुपदेशक? इमिग्रेशन खात्याचं काम त्यांच्या वतीने करण्याचा तुमचा करार आहे का? फ्लोरिडातल्या काही सरकारी विद्यापीठांच्या पोलिसांनी २०२५ मध्ये असे करार केले आहेत, त्यामुळे प्रश्न आगाऊ वाटला तरी विचाराच. कॅम्पस पोलिसांच्या याच वर्दीने नोव्हेंबर २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसवर शांत बसलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडावर मिरपूड-फवारा मारला होता आणि विद्यापीठाला पुढे भरपाई द्यावी लागली. म्हणून पोलिसांविरुद्ध तक्रार कुठे करायची हेही त्यांनाच विचारून ठेवा. जो न चिडता नीट सांगतो, त्याचं नाव लक्षात ठेवा.

फसव्या फोनांबद्दल थोडक्यात. ‘तुमच्या नावावर वॉरंट आहे’ म्हणत कुणी गिफ्ट कार्डाचे नंबर मागेल आणि स्क्रीनवर पोलिसांचाच नंबर दिसेल. फोन ठेवा, आणि जवळ लिहून ठेवलेल्या नंबरावर स्वतः लावा. चुकून ९११ लागला तर मात्र कापू नका, चुकून लागला असं सांगा. नाहीतर ते परत फोन करतात, कधी दारातही येतात.

शेवटचं काम आईबाबांचं. मुलगा दोन दिवस फोन उचलत नसेल तर पुण्याहून ९११ फिरवून उपयोग नाही, तो तिकडे लागत नाही. कॅम्पस पोलिसांचा दहा आकडी नंबर, आधी +१ लावून, मुलाचा पत्ता खोली नंबरसकट आणि रूममेटचा नंबर एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. ‘वेलफेअर चेक’ हवा आहे एवढं इंग्रजीत सांगता आलं की ते जाऊन दार वाजवतात.