पॉवरलाइन अडॅप्टर लावूनही व्हिडिओ अडकतोय? या चुका टाळा

राउटर एका टोकाला, टीव्ही दुसऱ्या टोकाला, मध्ये दोन-तीन जाड भिंती. वायफाय तिथवर धड पोचत नाही आणि घरभर लॅन केबल ओढायची तयारी नसते. अशा वेळी पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी हा खरोखर चांगला उपाय आहे. एक अडॅप्टर राउटरजवळ, दुसरा टीव्हीजवळ लावायचा, मधलं काम भिंतीतली विजेची वायर करते. तरीही पुष्कळ जोड्या आठवड्याभरात कपाटात जाऊन पडतात. दोष अडॅप्टरवर येतो, पण बहुतेकदा तो कुठे आणि कसा लावला यात गडबड असते.

वायरमधून वीज ५० किंवा ६० हर्ट्झने वाहते. अडॅप्टर त्याच वायरवर साधारण २ मेगाहर्ट्झच्या पुढचा सिग्नल चढवतो. होमप्लग एव्ही हे अशा अडॅप्टरांचं जुनं तंत्र सुमारे २८ मेगाहर्ट्झपर्यंत जातं, त्याची पुढची आवृत्ती एव्ही२ ८६ मेगाहर्ट्झपर्यंत. एवढं लक्षात ठेवलं की पुढच्या बऱ्याच चुकांचं कारण आपोआप कळतं.

एक्स्टेन्शन बोर्डात लावणं

सगळ्यात जास्त घडणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. सर्ज प्रोटेक्टर असलेल्या बोर्डात व्होल्टेजचा झटका शोषणारे आणि उच्च वारंवारतेचा गोंगाट गाळणारे भाग असतात. अडॅप्टरचा सिग्नल नेमका उच्च वारंवारतेचाच असल्यामुळे बोर्ड त्यालाही कचरा समजून गिळतो. यूपीएसमधून तर तो जवळजवळ पलीकडे जातच नाही. साध्या, संरक्षण नसलेल्या बोर्डात नुकसान कमी होतं, पण शेजारच्या चार चार्जरांचा गोंगाट थेट अडॅप्टरच्या कानाशी येतो.

म्हणून अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावा. सॉकेट एकच असेल, तर अंगावरच सॉकेट असलेला पासथ्रू अडॅप्टर घ्या आणि बोर्ड त्यात खोचा. त्या सॉकेटमध्ये बहुधा गोंगाट गाळणारा फिल्टर असतो, त्यामुळे बोर्डावरच्या उपकरणांचा त्रासही कमी होतो.

गोंगाट करणाऱ्या उपकरणांकडे दुर्लक्ष

स्वस्त मोबाइल चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, डिमर, इंडक्शन शेगडी, मोटर असलेली यंत्रं ही सगळी वायरीत गोंगाट सोडतात. हा गोंगाट अंतराबरोबर क्षीण होत जातो, त्यामुळे ज्या अडॅप्टरच्या जवळ तो असेल त्याला ऐकायला जास्त त्रास होतो. व्हिडिओ पाहताना माहिती राउटरकडून टीव्हीकडे येते, म्हणजे ऐकणारा अडॅप्टर टीव्हीजवळचा. तेव्हा साफसफाई तिथून सुरू करा. टीव्हीच्या आसपासचे चार्जर आणि इतर उपकरणांचे पॉवर अडॅप्टर एकेक करून काढा आणि प्रत्येक वेळी वेग मोजा. ठरावीक वेळीच व्हिडिओ अडकत असेल, तर त्या वेळी घरात काय चालू असतं ते बघा. गुन्हेगार सापडायला ही खूण फार उपयोगी पडते.

खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास

खोक्यावर ६०० लिहिलेलं असतं आणि हातात ८०-९० एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) येतात. लोक चिडतात, आणि त्यांचं चिडणं मला रास्त वाटतं. तो आकडा वायरीवरच्या कच्च्या सिग्नलचा, आदर्श परिस्थितीतला असतो. माहितीच्या सोबत जाणारा जोडखर्च त्यातून वजा केलेला नसतो, आणि जाणं-येणं एकाच वायरीवर आळीपाळीने होतं. शिवाय ६०० लिहिलेल्या कित्येक अडॅप्टरांचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो! खरेदीआधी पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) आहे का, हे आवर्जून तपासा.

आता गरज किती? ऑनलाइन ४के व्हिडिओला साधारण १५ ते २५ एमबीपीएस पुरतात, त्यामुळे ८० मिळत असतील तर पुरेसे आहेत. अडचण येते ती घरच्या सर्व्हरवरून मोठ्या ४के फाइल चालवताना. त्यांचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणारी माहिती, मधूनच १०० च्या वर उसळू शकतो, आणि अनेक टीव्हींचा लॅन पोर्टही १०० चाच असतो. तिथे अडॅप्टर बदलून उपयोग नाही.

मोजणीही नीट करा. इंटरनेटची स्पीड टेस्ट इंटरनेटचा आणि पॉवरलाइनचा वेग एकत्रच मोजते. दोन्ही टोकांना संगणक जोडून आयपर्फ३ हे वेग मोजणारं सॉफ्टवेअर चालवलं, तर फक्त वायरीचा वेग कळतो.

फेज आणि अर्थिंग न तपासणं

थ्री-फेज जोडणी असलेल्या घरात दोन खोल्या दोन वेगळ्या फेजवर असू शकतात. सिग्नल कधी शेजारच्या वायरीत झिरपून पलीकडे जातो, कधी जात नाही, आणि गेला तरी त्याचा भरवसा नसतो. एव्ही२ मधले मिमो (एकाच वेळी वायरींच्या एकाहून जास्त जोड्या वापरायची सोय) असलेले अडॅप्टर अर्थिंगची वायरही वापरतात. तिसरी पिन नुसती नावाला असेल, तर तो फायदा हातातून जातो. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, सुरक्षिततेसाठीही ते हवंच.

दोष कुठे आहे हे शोधायची माझ्या मते सर्वांत खात्रीची रीत अशी: दोन्ही अडॅप्टर एकाच खोलीत, जवळच्या दोन सॉकेटमध्ये लावा. इथेच वेग कमी असेल, तर दोष अडॅप्टर, केबल किंवा पोर्टचा. इथे उत्तम असेल, तर एक अडॅप्टर टप्प्याटप्प्याने टीव्हीकडे न्या. ज्या खोलीत वेग एकदम कोसळेल, तिथली वायरिंग किंवा तिथलं एखादं उपकरण पाहा.

जोडणीतल्या बारीक चुका

होमप्लग आणि जी.एचएन ही दोन वेगळी तंत्रं आहेत. त्यांचे अडॅप्टर एकमेकांशी बोलत नाहीत, उलट एकाच वायरीवर एकमेकांना अडथळा करतात. नवा अडॅप्टर घेताना तंत्र जुळतंय ना ते पाहा.

पेअर बटण दाबून स्वतःची खासगी जोडणी करा. दुसऱ्या अडॅप्टरचं बटण साधारण दोन मिनिटांत दाबावं लागतं. फॅक्टरीतून आलेली तीच की (पासवर्ड) सगळीकडे ठेवली आणि वायरिंग शेजाऱ्यांपर्यंत जोडलेली असली, तर त्यांचा अडॅप्टर तुमच्या नेटवर्कात शिरू शकतो.

टीव्ही बंद केल्यावर अडॅप्टरचे दिवे विझले तर घाबरू नका, तो वीज वाचवायला झोपलेला असतो. टीव्ही सुरू झाला की काही क्षणांत जागा होतो.

एकाच राउटरला किंवा स्विचला दोन अडॅप्टर मात्र जोडू नका. माहिती गोल गोल फिरत राहते आणि अख्खं नेटवर्क ठप्प होतं. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून व्हीडीएसएलने येत असेल, तर अडॅप्टर आणि त्याची केबल त्या तारेपासून दूर ठेवा, कारण दोघांच्या वारंवारता एकमेकांवर येतात.

हे सगळं करूनही वेग टिकत नसेल, तर आणखी महाग अडॅप्टर आणण्याआधी भिंतीत टीव्हीची जुनी कोअॅक्स केबल आहे का पाहा. ती असेल आणि दुसऱ्या कशासाठी वापरात नसेल, तर मोका अडॅप्टर (कोअॅक्सवरून नेटवर्क चालवणारे) तिच्यावरून सहसा पॉवरलाइनपेक्षा कितीतरी स्थिर चालतात.