पोरगं जेवत नाही? आधी दुधाचं माप बघा, आणि या चुका टाळा

"काहीच खात नाही हो, पण दूध मात्र छान पितं, तेवढाच आधार आहे." हे वाक्य एक ते तीन वर्षांच्या पोरांच्या घरात हमखास ऐकू येतं आणि बहुतेक वेळा त्या आधारातच सगळी गडबड असते. सकाळी उठल्याउठल्या एक बाटली, दुपारी झोपताना एक, संध्याकाळी किरकिर केली म्हणून एक आणि रात्री एक, २४० मिलीच्या चार धरल्या तरी जवळपास एक लिटर झालं की. एक लिटर फुल फॅट दुधात ६०० च्या वर कॅलरीज असतात आणि एवढ्याशा जिवाची दिवसभराची गरज असते साधारण १००० ची. मग जेवायला भूक लागणार कधी?

किती द्यायचं याचं सरळ उत्तर, एक वर्षानंतर दिवसाला ३५० ते ५०० मिली पुरतं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ दुसऱ्या वर्षात ७०० मिलीपर्यंत चालेल म्हणतात, पण माझं मत विचाराल तर जे पोर आधीच जेवणाला नाक मुरडतंय त्याला ५०० च्या पुढे जाऊच देऊ नका. कॅल्शियम कमी पडेल ही भीती असेल तर बघा, १०० मिली गाईच्या दुधात साधारण १२० मिग्रॅ कॅल्शियम असतं, म्हणजे अर्ध्या लिटरमधून ६०० मिग्रॅ मिळालं, गरज ७०० ची, उरलेलं जेवणातून येतं. दही, चीज, पनीर हेही दुधातच धरायचं, हे लोक विसरतात. आणि अंगावर पीत असेल तर वरच्या दुधाचं माप आणखी कमी, त्याला ५०० चा कोटा पूर्ण करायला लावू नका.

आता खरी काळजीची गोष्ट, लोह. या वयात रोज साधारण ७ मिग्रॅ लोह लागतं आणि लिटरभर दुधात १ मिग्रॅसुद्धा नसतं. वर दुधातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रोटीन जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही, म्हणजे पोट दुधाने भरलं म्हणून जेवण कमी, आणि जे थोडंफार खाल्लं त्यातलंही लोह नीट शोषलं जात नाही. असं पोर वरून गुबगुबीत दिसतं, वजन छान, म्हणून कोणाला शंकाच येत नाही, पण आतून हिमोग्लोबिन घसरलेलं असू शकतं. फिकट चेहरा, सतत चिडचिड, लगेच दमणं, माती किंवा खडू खाणं यातलं काही दिसलं तर डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या, मनाने आयर्नचं सिरप सुरू करू नका. बद्धकोष्ठतेचा त्रास असेल तरी आधी दुधाचं माप बघा.

कमी कसं करायचं? एकदम बंद केलं तर घर डोक्यावर घेईल. एकेका बाटलीतलं ३० मिली दर दोन-तीन दिवसांनी कमी करत जा, आणि दूध जेवणानंतर द्या, आधी नाही. मधे तहान लागली तर पाणी. सुरुवातीचे काही दिवस रडारड होणार, तेव्हा घरातलं कोणीतरी हळूच बाटली भरून देतं आणि सगळं मुसळ केरात, म्हणून घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. डाळी, अंडं, मांस, पालेभाज्या यांच्यासोबत व्हिटॅमिन सी असलेलं फळ दिलं की लोह जास्त शोषलं जातं.

बाटली तर एक वर्षानंतर हळूहळू सोडवायचीच, दीड वर्षापर्यंत कपावर यायला हवं. बाटलीतून किती गेलं ते कळत नाही आणि तोंडात बाटली ठेवून झोपायची सवय म्हणजे पुढचे दात किडलेच समजा. दोन वर्षांपर्यंत लो फॅट दूध नको, पाणी घालून पातळ करणंही नको. बदाम, ओट वगैरेचं दूध गाईच्या दुधाची जागा घेत नाही, त्यात प्रोटीन फारच कमी असतं, ॲलर्जीमुळे पर्याय हवाच असेल तर कॅल्शियम घातलेलं, बिनसाखरेचं सोया दूध, तेही डॉक्टरांना विचारून.

उलटी चूकही होते. पोर दूध पितच नाही म्हणून त्यात चॉकलेट पावडर, साखर घालून मागे पळत राहायचं. कशाला? दही, पनीर खात असेल तर ग्लासभर दुधासाठी रोजचं भांडण करण्यात अर्थ नाही. दूध प्यायल्यावर अंगावर पुरळ, उलट्या किंवा शीतून रक्त असं काही होत असेल तर मात्र ते नखरे समजू नका, दूध थांबवून डॉक्टरांना दाखवा.