कार्बोरेटर ओव्हर होतोय? आधी या चुका टाळा

दसरा झाला की माझा फोन वाजायला लागतो. कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक गाडी बघून आलेला एखादा गडी महिन्याभरात कुठूनतरी जुनी पद्मिनी, अँबॅसिडर नाहीतर विलीज जीप ओढून आणतो. चार दिवस रंकाळ्यावर मिरवतो. मग एका सकाळी बॉनेटखाली पेट्रोलचा घमघमाट, सायलेन्सरमधनं काळा धूर आणि सेल्फ मारून मारून बॅटरी बसलेली. फोनवर ठरलेलं वाक्य येतं, "काका, कार्बोरेटर ओव्हर होतोय. किट कुठं मिळंल?"

ओव्हर म्हणजे कार्बोरेटरमधनं गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सांडणं आणि किट म्हणजे त्याच्या बदलायच्या सुट्या भागांची पिशवी. बिघाड काय आहे ते कुणी विचारत नाही, किट कुठं मिळंल ते विचारतात. तिथनंच माझं डोकं फिरतं.

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग. त्याच्या फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या छोट्या टाकीत, जादू काही नसते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो ना, तेच हे. पेट्रोल भरलं की तरंगणारा फ्लोट वर येतो, निडल म्हणजे टोकदार खिळी सीटवर, म्हणजे पेट्रोल यायच्या भोकावर, दाबली जाते, पेट्रोल थांबतं. थांबत नसेल तर कारणं मोजकीच. निडल नीट बसत नाही, फ्लोटला भोक पडून तो जड झालाय, पेट्रोल सीटच्या बाजूनं वाट काढतंय, लेव्हल चुकलीय, नाहीतर पंपच जास्त जोरानं ढकलतोय. यातलं कोणतं, हे बघायच्या आधी पाना हातात घ्यायचा नाही.

मी काय करतो सांगतो. एअर फिल्टर काढायचा, इंजिन मिनिटभर चालवून बंद करायचं आणि टॉर्च मारून कार्बोरेटरच्या घशात बघत बसायचं. दोन मिनिटं, गप. आत पेट्रोल ठिबकत असेल तर तो खरा ओव्हर. अँबॅसिडरला एसयू कार्बोरेटर असेल तर फ्लोट चेंबरच्या झाकणाच्या ओव्हरफ्लो नळीतनं खाली थेंब पडतात, तेही बघायचं. घसा कोरडा आणि प्लग मात्र ओले, असं दिसलं तर कार्बोरेटर उघडूच नका. चोकची वायर अडकलीय का बघा, ठिणगी देणारे पॉइंट बघा, कॉइल बघा. ठिणगी मेलेली असली की प्लग भिजणारच, त्यात बिचाऱ्या निडलचा काय दोष? अर्ध्याअधिक 'ओव्हर' गाड्या मी पॉइंट घासून आणि गॅप लावून परत पाठवल्यात.

आता माझ्या डोक्यात गेलेली चूक, वायसर, म्हणजे वॉशर, विसरायची. ही मी स्वतः केलीय, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली पद्मिनी घेतली तेव्हाची गोष्ट. 1089 सीसीचं इंजिन, वर सोलेक्स कंपनीचा कार्बोरेटर. ओव्हर होत होती. मी शहाणा, किट आणलं, निडल आणि सीट बदललं, झाकण लावलं. सेल्फ मारला आणि पेट्रोल परत घशात. वाटलं, किट डुप्लिकेट. दुसरं आणलं, तेच. फ्लोट काढून कानाशी हलवला, आत पेट्रोल नाही. गरम पाण्यात बुडवला, एक बुडबुडा नाही. मग पंपावर संशय घेतला, तोही उघडला. तीन दिवस गेले, जेवणाची ताटं गार झाली. चौथ्या दिवशी कार्बोरेटर पिशवीत घालून उद्यमनगरात एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी झाकण तळहातावर उलटं धरलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "वायसर कुठाय?"

सोलेक्समध्ये सीट झाकणात आट्यांवर बसते आणि तिच्याखाली एक वायसर असतो. जुनी सीट काढताना तो तिलाच चिकटून निघाला आणि जुन्या सीटसकट कचऱ्यात गेला. नवा वायसर किटच्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या कोपऱ्यात, दोन्ही वेळा, माझी वाट बघत बसलेला. निडल बिचारी झक्कास बंद होत होती. पेट्रोल तिला वळसा घालून आट्यांमधनं खाली उतरत होतं. आणि वायसर नसल्यामुळं सीटही वर सरकलेली, म्हणजे निडल बंद व्हायच्या आधी पेट्रोल जास्त चढायचं. एका वायसरची दोन कामं, गळती थांबवायची आणि लेव्हल ठरवायची. जाड वायसर घातला की लेव्हल खाली, पातळ घातला की वर. ओव्हर होतोय म्हणून एकावर एक दोन वायसर घालणारेही भेटतात. मग गाडी पन्हाळ्याच्या चढाला पेट्रोलविना झटके खाते आणि हे परत जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, मोठा करायला निघतात.

मिस्त्रींनी डब्यातनं एक तांब्याचा वायसर काढला, सांडशीत धरून लाल होईपर्यंत तापवला आणि चुर्र करून पाण्यात टाकला. तापवून विझवला की तांबं मऊ होतं आणि नीट चेपून बसतं. पैसे घेतले नाहीत. "शिकला न्हवं?" एवढंच म्हणाले. तेव्हापासून जुनी सीट काढली की आधी झाकणाच्या भोकात बोट घालून वायसर कुठं राहिला ते बघतो, मगच नव्या किटची पिशवी फाडतो. सीट आवळताना रेटा लावायचा नाही. झाकण मऊ धातूचं असतं, आटे गेले की झाकणच गेलं.

जोडल्यावर लगेच गाडीवर चढवायची घाई नको. झाकणाच्या पेट्रोल नळीला हातभर स्वच्छ रबरी पाइप लावायचा, निडल बोटानं हलकी दाबून धरायची आणि पाइपमधनं फुंकायचं. हवा गेली नाही पाहिजे. बोट काढलं की गेली पाहिजे. या तपासणीला पैसा लागत नाही, तरी दहातले नऊ जण ती करत नाहीत.

निडलला पॉलिश पेपर मारणाऱ्यांना मी काही बोलत नाही, नुसता बघतो. व्हॉल्व्हची ग्राइंडिंग पेस्ट लावून निडल सीटमध्ये घोळवणारा एक बहाद्दर मी बघितलाय. निडलच्या टोकाला घासून गोल रेघ पडली असेल तर ती गेली, नवी घाला. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं फ्लोट चेंबरला दोन टपल्या मारल्या की अडकलेली निडल सुटते, हे खरंय. पण ते घरापर्यंत पोचायला. एक गृहस्थ वर्षभर डॅशबोर्डमध्ये त्यासाठी लाकडी हातोडी ठेवून होते आणि वर कौतुकानं दाखवायचे!

जेटमध्ये तांब्याची तार घालू नका. फुंका किंवा हवा मारा.

निडल सारखी अडकत असेल तर घाण टाकीतनं येतेय. इथं पेट्रोलचाही वाटा आहे. 2023 पासून पेट्रोल पंपावर ई20 यायला लागलं, म्हणजे शंभरात वीस भाग इथेनॉल. आपल्याच जिल्ह्याचा ऊस, कारखान्यातनं फिरून आपल्याच टाकीत. उसावर माझा राग नाही, पण इथेनॉल पाणी धरतं, टाकीच्या तळाला वर्षानुवर्षं बसलेला चिकट थर सोडवतं आणि जुनं रबर फुगवतं. गाडी पावसाळाभर शेडमध्ये उभी राहिली की फ्लोट चेंबरच्या तळाला पांढरी भुकटी दिसते, ती गंजलेल्या धातूची. म्हणून टाकी धुऊन घ्या, पंपाच्या आधी फिल्टर बसवा, जुने रबरी पाइप फेका आणि इथेनॉल सोसणारे एसएई जे30 आर9 छापाचे घ्या. गाडी दोन महिने उभी करणार असाल तर फ्लोट चेंबर रिकामा करून ठेवा.

इलेक्ट्रिक पंपाचा शॉर्टकट मला मुळीच पटत नाही. जुना एसी पंप, म्हणजे इंजिनवर चालणारा एसी कंपनीचा पेट्रोल पंप, अडीच-तीन पीएसआयच्या (दाब मोजायचं माप) आसपास दाब देतो आणि निडल तेवढ्यासाठीच बनवलेली असते. इचलकरंजीच्या एका पोरानं एसी पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, बदलायचा कंटाळा केला आणि भंगारातनं इंजेक्शन गाडीचा (कार्बोरेटर नसलेल्या) पंप आणून लावला. तो 40 पीएसआयच्या वर ढकलतो. चावी फिरवली आणि कार्बोरेटरच्या प्रत्येक पॅकिंगमधनं फवारे, खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. नशीब, इंजिन गार होतं. मला फोन करून म्हणतो, "काका, निडल बदलू का?" मी म्हटलं, "आधी बॅटरीची वायर काढ, गाडीपासून लांब हो, मग बोल." पावडरचा अग्निशामक गाडीत नसेल तर जुन्या गाडीचा नाद करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

मे महिन्यात कागलला चहाला थांबलात आणि परत गाडी सुरू होत नाही, तर तो कार्बोरेटरचा बिघाडच नसेल. इंजिन बंद केल्यावर खालची उष्णता वर चढते, चेंबरमधलं पेट्रोल उकळून घशात सांडतं. कार्बोरेटरखालचं बॅकेलाइटचं जाड पॅकिंग त्यासाठीच असतं. ते काढून पुठ्ठ्याचं पॅकिंग घालणाऱ्यांनी मग उन्हाला शिव्या देऊ नयेत. अशा वेळी ॲक्सिलरेटर पंपासारखा हाणायचा नाही, प्रत्येक दाबाला पेट्रोलची पिचकारी आत जाते. पाय तळापर्यंत दाबून तसाच धरायचा, चोक ओढायचा नाही, पाच-सहा सेकंद सेल्फ, मग थोडी विश्रांती. गाडी लागली की पाय हळू सोडायचा. लागलीच नाही तर प्लग काढून वाळवा, पण प्लग काढून सेल्फ मारायचा असेल तर आधी कॉइलची वायर सोडवा. बाहेर येणारी पेट्रोलची वाफ आणि उघडी ठिणगी एकत्र नको.

आणि ओव्हर थांबला म्हणून लगेच बॉनेट आपटू नका. ऑइलची डिपस्टिक काढा. घशात सांडलेलं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं खाली ऑइलमध्ये उतरतं. एसी पंपाचा डायफ्राम फाटला तरी तिथंच उतरतं आणि शिव्या मात्र कार्बोरेटर खातो. परवा गंगावेशीतला एक अँबॅसिडरवाला हुज्जत घालत होता, "काका, ऑइल महिन्यापूर्वीच बदललंय, परत कशाला?" मी काठी ओढली. ऑइल खुणेच्या बोटभर वर आणि पाण्यासारखं पातळ. काठी त्याच्या नाकाखाली धरली. त्यानं एकदा वास घेतला, माझ्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं ड्रेन बोल्टचा पाना मागितला.