ऑनलाइन थेरपी घेताय? आधी बसायची जागा शोधा

नवऱ्याशी खटके उडत होते म्हणून मी ऑनलाइन थेरपी सुरू केली. पहिलं सेशन बडोद्यात, दांडिया बाजारच्या आमच्या घरात, बेडरूमचं दार लावून घेतलं. दहाव्या मिनिटाला सासूबाईंनी दार वाजवलं, "अगं, बरं नाही का वाटत तुला?" उरलेला वेळ मी कुजबुजत काढला आणि जे सांगायचं होतं ते पोटातच राहिलं. दुसरं सेशन कमाटीबागेत, बाकावर. तिथे माणसांची ये-जा, रडू आलं तर तोंड लपवायला जागा नाही. तिसऱ्यापासून मी अलकापुरीत, ऑफिस सुटल्यावर आवारातल्या झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीत बसते. कानात इअरफोन, मोबाइल डॅशबोर्डला टेकवलेला, मांडीवर वही. मोकळं रडता येईल अशी जागा मिळाली की मगच वेळ ठरवा. नेटवर्क गेलं तर साध्या कॉलवर बोलायचं, हे आधीच ठरवून ठेवा. आणि सेशन संपल्या संपल्या घरात शिरू नका. मी सूरसागर तलावाला एक चक्कर मारते.

माणूस निवडताना मी एक चूक केली. एका अॅपवर स्वस्त पडतं म्हणून चार सेशनचं पॅकेज घेतलं. दुसऱ्याच भेटीत त्या बाई म्हणाल्या, "हा माणूस बदलणार नाही, वेगळं व्हायचा विचार करा." मी शिक्षण विचारलं तर उत्तर आलं नाही. उरलेल्या दोन सेशनचे पैसे बुडाले. सगळं बोलणं इंग्रजीत चालायचं, 'माहेर' आणि 'मानपान' समजावण्यातच वेळ जायचा. आमच्याकडे ऑफिसात गुजराती चालते, पण भांडण होतं ते मराठीतच. ज्या भाषेत तुम्ही भांडता, त्या भाषेतला थेरपिस्ट शोधा. माझ्या आताच्या मॅडम पुण्याच्या आहेत. ऑनलाइनचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच.

पैसे भरण्याआधी शिक्षण आणि नोंदणी विचारा, संकोच करू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि ती परिषदेच्या वेबसाइटवर तपासता येते. समुपदेशकाकडे ती नसली, तर मानसशास्त्रातली कोणती पदवी आहे आणि कोणाच्या देखरेखीखाली काम केलंय ते विचारा. औषध लागणार असेल तर ते काम मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचं. झोप आणि भूक कित्येक आठवडे उडाली असेल तर त्यांना दाखवाच. गोपनीयता हा 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे. तरी जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर अत्याचार होत असेल, तर थेरपिस्टला ते इतरांना कळवावं लागू शकतं. अशा वेळी नेमकं काय करता, आणि सेशन रेकॉर्ड होतं का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

आता मुख्य गोष्ट. मी सुरुवातीला जाऊन निकालच सांगायचे: "नवरा मला किंमतच देत नाही." मॅडम म्हणाल्या, "असं शेवटचं कधी वाटलं? वार, वेळ, जागा सांगा." मग मी सांगितलं. महिन्याची 20 तारीख, ऑफिसात जीएसटीचं 3बी हे महिन्याचं रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. पोर्टल रखडलेलं, घरी पोहोचायला रात्रीचे नऊ. हा टीव्हीसमोर, मान वर केली नाही. मी म्हटलं, "मला भूक नाही," आणि झोपले. पुढे तीन दिवस अबोला.

"जेवण कुठे होतं?" त्यांनी विचारलं. ओट्यावर, ताट झाकून ठेवलेलं. "कोणी झाकलं?"

मी थांबले. सासूबाई तर आठलाच झोपतात. यानेच वाढून ठेवलं होतं. वरणभातावर लिंबू पिळलेलं मला चालत नाही, म्हणून फोड वेगळ्या वाटीत. सकाळी ते ताट मीच रिकामं केलं होतं, वाटी माझ्या हातात होती आणि मला दिसली नव्हती.

म्हणून त्याचं बरोबर आणि माझं चूक, असं मॅडमनी अजिबात ठरवलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "दार उघडलंत तेव्हा तुम्हाला काय हवं होतं?" मला "आलीस?" एवढा एक शब्द हवा होता. आणि तो मी कधी मागितलाच नव्हता. घरी जाऊन मागितला: "20 तारखेला मी दमून येते. आल्यावर पाच मिनिटं टीव्ही बंद करून माझ्याशी बोल."

तेव्हापासून वहीत प्रसंग लिहिते. कधी, कुठे, मी काय बोलले, अंगात काय झालं: छातीत धडधड, दात आवळलेले, जे असेल ते. चार ओळी पुरतात. सेशनला त्यातला एकच न्यायचा. वही गाडीच्या डिकीत राहते, घरात नाही.

सहाव्या सेशनला तोही आला, गाडीत माझ्या शेजारी बसून. जोडीने बसण्याआधी एक विचारून घ्या: एकटीने सांगितलेलं त्याच्यासमोर निघेल का? आणि घरी "मॅडम म्हणाल्या तूच चुकतोस" असं कधीही म्हणू नका. मी एकदा म्हटलं, तर पुढचा महिनाभर तो आला नाही.

पण घरात मारहाण, धमक्या असतील तर जोडीने बसू नका. आधी एकट्याने सांगा. गुजरातेत बायकांसाठी 181 अभयम् ही हेल्पलाइन आहे. मन फारच खचलं, जीव नकोसा झाला, तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 लावा. तो कोणत्याही वेळी, फुकट लागतो आणि मराठीतही बोलता येतं.

चार-पाच भेटींनंतरही काही हलत नसेल तर तसं थेरपिस्टला तोंडावर सांगा. मी सांगितलं होतं, "तुम्ही ऐकता छान, पण मला घरी जाऊन करायला काहीतरी द्या." वहीचं काम त्यानंतर मिळालं.

आता आमचं सेशन महिन्यातून एकदा असतं, 21 तारखेच्या संध्याकाळी. ती तारीख मीच मागून घेतली.