काळ्या दारूच्या बंदुकीसाठी शिशाच्या गोळ्या ओतणे आणि त्यांना वंगण देणे

काळी दारू, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे साधारणपणे 75, 15 आणि 10 या प्रमाणातील मिश्रण, जळाल्यावर पूर्णपणे वायुरूप होत नाही. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन क्षारांच्या रूपाने मागे उरतो; त्यातला बराच धूर होऊन नळीबाहेर जातो आणि उरलेला नळीच्या आत काजळीचा थर होऊन बसतो. हा थर कोरडा झाला की कडक होतो, पुढची गोळी अडवतो आणि नेम बिघडवतो. ओलसर राहिला तर मऊ राहतो आणि पुढच्या गोळीबरोबर पुसला जातो. गोळीचे शिसे कोणते घ्यावे, तिचा व्यास किती ठेवावा आणि तिला वंगण कशाचे लावावे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या काजळीपाशी येऊन थांबतात. आधुनिक धूरहीन दारूच्या काडतुसांसाठी गोळ्या ओतण्याची सवय असलेले लोक कठीण मिश्रधातू आणि घट्ट वंगण घेऊन या कामाकडे वळतात आणि मग बंदुकीला दोष देतात, म्हणून हे आधीच सांगितले.

शस्त्रे आणि दारूगोळा यांविषयीचे कायदे सर्वत्र सारखे नाहीत, आणि काही ठिकाणी घरी गोळी ओतण्यासाठीही परवाना लागतो. पुढील मजकूर परवान्यासह कायदेशीरपणे बंदूक बाळगणाऱ्यांसाठी आहे.

ठासणीच्या बंदुकीसाठी शक्य तितके शुद्ध आणि मऊ शिसे घ्यावे. शुद्ध शिसे 327 अंश सेल्सियसला वितळते आणि इतके मऊ असते की अंगठ्याच्या नखाने त्यावर सहज ओरखडा उठतो. चिंधीत गुंडाळून ठासायची गोल गोळी मऊ असेल तर चिंधीची वीण तिच्यात थोडी रुतते आणि पकड घट्ट बसते. मिनिए पद्धतीच्या, तळाशी पोकळी असलेल्या लांबट गोळीला तर मऊपणा अनिवार्यच आहे. क्लोद-एतियेन मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने 1849 मध्ये पुढे आणलेल्या गोळीत तळाच्या पोकळीत लोखंडी वाटी होती. ती वाटी नसली तरी दारूच्या दाबाने पोकळीची पातळ कड फाकते आणि नळीच्या आट्यांत, म्हणजे आतील पिळदार खाचांत, बसते, हे पुढे अमेरिकेतील हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारात जेम्स बर्टन याने दाखवून दिले. कड फाकण्यावरच सारे अवलंबून असल्यामुळे कठीण शिशाची मिनिए गोळी नळीतून सैल निघते आणि कुठेही जाते.

पितळी काडतुसात काळी दारू भरून चालणाऱ्या रायफलींची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे शिशाच्या वीस ते तीस भागांना एक भाग कथील मिसळण्याची जुनी प्रथा आहे. कथलामुळे गोळी किंचित कठीण होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वितळलेला धातू साच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट शिरतो. भांड्यांना कल्हई होताना ज्याने कथील पसरताना पाहिले आहे, त्याला हा गुण वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

भंगारातले शिसे घेताना चोखंदळ असावे. छपराचे जुने पत्रे आणि शिशाचे जुने नळ बहुधा मऊ असतात, पण नळांच्या सांध्यांवर कथलाचा डाख असतो, म्हणून ते सांधे कापून वेगळे ठेवावेत. मोटारीच्या चाकांना लावायच्या वजनांत अँटिमनी असल्यामुळे ती कठीण असतात, आणि अलीकडे त्यांत जस्ताची वजनेही मिसळलेली आढळतात. जस्त सुमारे 420 अंशांना वितळते, आणि ते एकदा शिशात मिसळले की रस लापशीसारखा होऊन साचा भरेनासा होतो. बॅटरीतील शिसे मात्र कोणत्याही कारणाने वापरू नये. त्यात आम्ल असते, शिवाय अर्सेनिक आणि अँटिमनी असू शकते, आणि त्यांपासून अतिविषारी वायू तयार होण्याचा धोका असतो.

साचा विकत घेण्यापूर्वी नळीचे माप घ्यावे. बंदुकीवर कोरलेल्या आकड्यावर विसंबू नये. बंदूक रिकामी असल्याची खात्री गज घालून करावी, मग मऊ शिशाचा तेल लावलेला तुकडा तोंडाकडून ठोकून आत बसवावा, बाहेर काढावा आणि मायक्रोमीटरने मोजावा. चिंधीची गोळी नळीपेक्षा थोडी लहान हवी. नळी 12.7 मिलिमीटरची असेल तर 12.45 मिलिमीटरची गोळी आणि सुमारे 0.38 मिलिमीटर जाडीची चिंधी ही सुरुवात चांगली ठरते. मिनिए गोळी नळीच्या आतील व्यासापेक्षा केवळ केसभर, म्हणजे 0.03 ते 0.05 मिलिमीटर, लहान असावी. टोपीच्या, म्हणजे स्फोटक टोपीने पेट घेणाऱ्या, रिव्हॉल्व्हरचे याच्या उलट आहे: तेथे गोळी कोठीपेक्षा, म्हणजे दारू आणि गोळी भरायच्या भोकापेक्षा, किंचित मोठी घेतात, जेणेकरून ती दाबून बसवताना शिशाची एक बारीक कडी कापली जाईल आणि कोठी पुढून बंद होईल.

आता भट्टीकडे वळू. काम उघड्यावर किंवा हवा आरपार वाहील अशा ठिकाणी करावे. ओतकामाच्या तापमानाला शिशाची वाफ फारशी होत नाही. खरा धोका रसावर येणाऱ्या राखाडी मळीच्या धुळीचा आणि हाताला लागून पोटात जाणाऱ्या शिशाचा आहे. म्हणून काम चालू असताना खाणे, पिणे, धूम्रपान वर्ज्य समजावे, काम संपल्यावर साबणाने हात आणि तोंड धुवावे, कपडे वेगळे धुवावेत आणि लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या जागेपासून दूर ठेवावे. शिसे वितळवलेले भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. वारंवार ओतकाम करणाऱ्याने वर्षातून एकदा रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी.

दुसरा धोका पाण्याचा. रसाच्या पृष्ठभागाखाली पाण्याचा एक थेंब जरी गेला तरी त्याची क्षणात वाफ होते आणि तप्त शिसे चहूकडे उडते. कपाळावरचा घाम, ओली पळी, पावसात पडून राहिलेल्या नळाच्या पोटातला ओलावा, यांपैकी काहीही त्याला पुरते. नवे शिसे तप्त रसात टाकू नये. ते थंड भांड्यात ठेवून सगळे मिळून तापवावे, किंवा निदान आधी कडेवर ठेवून पूर्ण वाळू द्यावे. डोळ्यांना चष्मा किंवा मुखपट, हातात चामड्याचे हातमोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि पायात बंद बूट असावेत. कृत्रिम धाग्याचे कापड वितळून कातडीला चिकटते. भांडे बिडाचे किंवा पोलादाचे घ्यावे. ॲल्युमिनियमचे भांडे तापल्यावर दुबळे होते आणि भरलेल्या शिशाच्या वजनाने दगा देऊ शकते.

शिसे वितळले की वर मळी जमते. ती लगेच काढून टाकू नये, कारण मिश्रधातू असेल तर तिच्यात कथीलही असते. वाटाण्याएवढे मेण किंवा चिमूटभर कोरडा लाकडाचा भुसा रसावर टाकावा, भडकलेला जाळ जळू द्यावा आणि कोरड्या पळीने तळापासून ढवळावे. त्यातील कार्बनमुळे ऑक्साइडचे पुन्हा धातूत रूपांतर होते आणि उरलेली काळी राख वर तरंगते. ती झाकणाच्या डब्यात काढून ठेवावी, उघड्यावर फेकू नये. मिश्रधातूपेक्षा शुद्ध शिशाला अधिक उष्णता लागते, 400 ते 430 अंशांच्या आसपास. तापमापक नसेल तर अंदाजाने काम होते, पण माझ्या मते या छंदात पहिला खर्च तापमापकावर करावा आणि दुसरा साच्यावर.

नव्या साच्यावर गंज लागू नये म्हणून तेलाचा लेप असतो. तो साबणाने किंवा स्पिरिटने पूर्ण काढून साचा खडखडीत वाळवावा. लोखंडी साचा उष्णता धरून ठेवतो पण गंजतो, ॲल्युमिनियमचा लवकर तापतो पण त्याच्या कडा हळुवारपणे हाताळाव्या लागतात, आणि पितळी साचा या दोहोंच्या मध्ये बसतो. थंड साच्यात कधीही चांगली गोळी पडत नाही. साचा भट्टीच्या कडेला ठेवून तापवावा, आणि तरीही पहिल्या दहा-पंधरा गोळ्या सुरकुतलेल्या निघतील हे गृहीत धरून त्या परत भांड्यात टाकाव्यात.

ओतताना पळीची चोच साच्याच्या तोंडावर नेमकी धरावी आणि न थांबता एका धारेत ओतावे. साचा भरल्यावरही वरच्या, ओतायचे भोक असलेल्या सरकत्या पट्टीवर शिशाची चांगली जाड टिकली राहू द्यावी. शिसे थिजताना आकसते, आणि त्या वेळी साचा याच टिकलीतून वरून आणखी रस ओढून घेतो. टिकली कंजूषपणे ठेवली तर गोळीच्या पोटात पोकळी राहते, जी बाहेरून दिसत नाही. टिकलीची चकाकी जाऊन ती मंद झाली की आणखी काही सेकंद थांबावे, मग लाकडी हातोडीने पट्टी बाजूला सरकवून देठ कापावा आणि साचा उघडून गोळी घडी घातलेल्या मऊ कापडावर पडू द्यावी. गोळी अडकली तर साच्याच्या बिजागरीवर हलकेच ठोकावे. साच्याच्या ठोकळ्यांवर कधीही ठोकू नये, आणि लोखंडी हातोडी तर जवळसुद्धा ठेवू नये.

ओतकामात सर्वांत अवघड असते ती लय. प्रत्येक गोळीला सारखाच वेळ द्यायचा, मध्ये थांबून आधीच्या गोळ्या न्याहाळत बसायचे नाही. थांबले की साचा निवतो, आणि पुढच्या चार गोळ्या वाया जातात. गोळीवर सुरकुत्या असतील किंवा कडा गोलसर आल्या असतील तर साचा थंड आहे किंवा त्यात तेल राहिले आहे. पृष्ठभाग भुरकट, दव गोठल्यासारखा दिसत असेल तर साचा फार तापला आहे. अशी गोळी वाईट नसते, केवळ गती थोडी कमी करावी. सांध्यावर पातळ पापुद्रा निघाला तर साच्याचे दोन भाग नीट मिटत नाहीत, बहुधा मध्ये शिशाचा कण अडकलेला असतो. पोकळ तळाच्या गोळीसाठी साच्यातील मधली खुंटीही तापलेली असावी लागते, आणि ती सर्वांत आधी निवते. तळाची कड एका जागी जरी अपुरी राहिली तरी ती गोळी सरळ भांड्यात परत टाकावी.

सगळ्या गोळ्या निवल्यावर वजन करावे. 12.45 मिलिमीटर व्यासाच्या शुद्ध शिशाच्या गोळीचे वजन सुमारे साडेअकरा ग्रॅम, म्हणजे जवळपास 177 ग्रेन भरते. इतरांपेक्षा एखाद-दोन ग्रेनहून अधिक हलकी असलेली गोळी पोटात पोकळ आहे असे समजावे. सगळ्याच गोळ्या सारख्या प्रमाणात हलक्या निघाल्या तर दोष हाताचा नसून शिशात दुसरा धातू असण्याची शक्यता अधिक.

वंगणाचे काम गोळी सरकवणे एवढेच आहे असे अनेकांना वाटते. काळ्या दारूच्या बंदुकीत त्याचे मुख्य काम काजळी मऊ ठेवणे हे आहे, आणि त्यासाठी प्राणिज किंवा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थच उपयोगी पडतात. खनिज तेलापासून बनवलेले यंत्रांचे ग्रीस काळ्या दारूच्या उष्णतेत डांबरासारखा चिवट थर धरते. वंगण कशाचे असावे हा प्रश्न इतिहासातही लहान नव्हता: 1857 मध्ये एनफिल्ड रायफलच्या काडतुसांना लावलेल्या चरबीवरून काय घडले, ते वेगळे सांगायला नको.

मधमाश्यांचे शुद्ध मेण आणि बिनमिठाची चरबी समान वजनाने घेणे, हा सर्वांत सोपा पाठ. मीठ असलेली चरबी नळी गंजवते. चरबी नको असेल तर ऑलिव्ह तेल चालते. जवसासारखे वाळून चिकट होणारे तेल मात्र घेऊ नये. मेण 62 ते 64 अंशांना वितळते, म्हणून ते थेट जाळावर न ठेवता उकळत्या पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात वितळवावे, आणि हे काम शिशाच्या भट्टीपासून दूर, वेगळ्या वेळी करावे. हवा उष्ण असेल तर मेण वाढवावे, थंड असेल तर चरबी किंवा तेल वाढवावे. निवलेले मिश्रण बोटाने दाबल्यावर लोण्याइतके नव्हे, पण मऊ साबणाइतके दबले पाहिजे.

खाचा असलेल्या लांबट गोळ्या एका उथळ ताटलीत तळावर उभ्या कराव्यात, वरची खाच भरेल इतपत पातळ वंगण ओतावे, आणि ते पूर्ण निवल्यावर गोळीच्या व्यासाची नळी वरून दाबून एकेक गोळी कापून काढावी. पोकळ तळात वंगण शिरले असेल तर ते पुसून काढावे, कारण ते दारूत मिसळते. थोड्याच गोळ्या असतील तर बोटाने खाचा भरणे पुरेसे आहे. चिंधीसाठी घट्ट विणीचे शुद्ध सुती किंवा तागाचे कापड घ्यावे, त्यातील खळ धुऊन काढावी, आणि वितळलेल्या वंगणात बुडवून पिळावे. कापड वंगणाने निथळत असेल तर ते दारू ओली करते. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी बसवल्यावर कोठीच्या तोंडावर वंगण भरतात, पण दोन-तीन बारांच्या उष्णतेने ते वितळून वाहते. दारू आणि गोळी यांच्यामध्ये वंगणात भिजवलेली लोकरी नमद्याची चकती ठेवणे मला अधिक विश्वासाचे वाटते.

तयार गोळ्या लाकडी पेटीत, विशेषतः ओकच्या, ठेवू नयेत. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी येते, आणि ती विषारी असते. झाकणाचा प्लास्टिकचा किंवा पत्र्याचा डबा, त्यावर धातूचे मिश्रण आणि ओतल्याची तारीख, एवढे पुरते.

वंगण जमले की नाही हे नळीच्या तोंडाशी कळते. पाच-सहा बार झाल्यावर तोंडाच्या कडेला ओलसर, काळपट वंगणाची कडी दिसली आणि पुढची गोळी पहिलीइतक्याच जोराने ठासली गेली, तर मिश्रण योग्य आहे. तोंडाजवळची वीतभर नळी कोरडी आणि खरखरीत लागली तर वंगण वाटेतच संपले असे समजून खाचा अधिक भराव्यात, किंवा मेण एका हिश्शाने कमी करून पुन्हा पाहावे.